दसऱ्याची गिरकी

शेजारी गवत कापायच्या मशीनमध्ये पेट्रोल भरत होता. त्या वासाने मला कॅनडातल्या किचनर गावचा तो दसरा आठवला.

नवऱ्याने हौसेने घेतलेली, आमच्या जन्माआधीची, मोठ्या इंजिनाची गाडी. थंडी पडली होती, ती हिवाळ्यापुरती झाकून ठेवायला हवी होती. पण पूजेआधी कशी ठेवणार? हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि थंडीत पकड सोडणाऱ्या समर टायर्सवरच निघालो. गारठलेल्या रस्त्यावर त्याने ॲक्सलरेटर दाबला. इंजिन छातीत घुमलं, मागची चाकं घसरली आणि गिरकी घेऊन आम्ही मक्याच्या शेतालगत थांबलो. काचेवर झेंडूच्या पाकळ्या.

"घाबरलीस ना? विकून टाकतो ही," तो म्हणाला.

मी ओठांवर आलेलं 'परत एकदा' तसंच गिळलं.

आता दसऱ्याला बॅटरीच्या गाडीला हार घालतो. ती सुरू झालेलीसुद्धा कळत नाही.