कुडाच्या भिंतीची चंदाबाई

घरकुलाच्या यादीतून आपलं नाव आपल्याच तोंडानं काढायला लावणारी बाई सिंदेझरीत त्याआधी कोणी पाहिली नव्हती, नंतरही पाहिली नाही.

गोष्ट नव्याण्णव सालची. सिंदेझरी म्हणजे पोंभुर्ण्याच्या पुढं, जंगलाला पाठ टेकून तलावाकडं तोंड करून बसलेलं साठ-सत्तर उंबऱ्यांचं गाव. शाळेच्या ओट्यावर सभा भरली होती. इंजिनिअर साहेब खुर्चीवर, गाव खाली. साहेबांनी नाव पुकारलं, "चंदाबाई लटारू शेंडे."

चंदाबाई उभी राहिली. पन्नाशीला टेकलेली, ठेंगणी, आवाज मात्र तलावाच्या पलीकडं ऐकू जाईल असा.

"साहेब, घर पायजे. पण भिंती मीच घालीन. कुडाच्या. वरतून कवेलू."

"तसं चालत नाही, बाई. विटा, सिमेंट, वर पत्रे. नकाशा ठरलेला आहे. कच्च्या घराला मंजुरी नसते."

"कच्चं? माह्या सासऱ्यानं घातलेली भिंत हाय. बेचाळीस वर्सं झाले. तुमच्या ह्या शाळेले पाच वर्सं नाई झाले, अन् ते पाहा." तिनं बोट दाखवलं तिकडं साऱ्यांच्या माना वळल्या. भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग होती.

साहेबांनी भेगेकडं पाहिलं नाही. "कागदावर तुमचं घर कच्चंच धरतात."

"मंग त्या कागदावरून माहं नाव काढा."

सभा हसली. तिचा नवरा लटारू, तलावात जाळं टाकणारा अबोल माणूस, तिचा पदर ओढून म्हणाला, "चंदा, बस ना वं." ती बसली नाही. साहेबांनी 'घरकुल नको' असं लिहून घेतलं आणि कागद पुढं केला. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही तिनं त्यावर सावकाश, एकेक अक्षर दाबून केली.

तिला घर नको होतं असं नव्हे. त्या पावसाळ्यात तिच्या सोप्याचा एक खांब वाळवीनं पोखरला होता, आड्याला ओल धरली होती. लाकूड आणि छपराचे कवेलू मिळाले असते तर नडलेलं काम निघालं असतं. घरी आल्यावर तिनं चुलीपुढं तोंड फिरवून डोळे पुसले, ते लटारूला दिसलं.

"हातचं गेलं ना," तो म्हणाला.

"हातचं कुठी गेलं? हात इथीच हायेत."

ते हात तिच्या सासऱ्यानं घडवले होते. लहानू शेंडे हा पंचक्रोशीतला कूड घालणारा. चंदाबाई लग्न होऊन आली तेव्हा त्याची नजर अधू झाली होती. पोरं मासोळीकडं वळलेली, म्हणून त्यानं सुनेला हाताशी घेतलं. दिवाळीनंतर अंधाऱ्या पाखात, म्हणजे वद्य पक्षात, बांबू तोडायचा, तीन आठवडे तलावात दगडाखाली बुडवून ठेवायचा, म्हणजे कीड लागत नाही. बाहेर काढला की असा वास सुटतो की कुत्रं जवळ येत नाही. मग तो फोडून खांबांच्या मधे विणायचा. तलावाचा गाळ, वारुळाची माती, शेण आणि चिरलेली तनस, म्हणजे धानाचं वाळलं गवत, एकत्र करून चार दिवस कुजवायचं, पायानं तुडवायचं, आणि विणलेल्या कुडावर दोन्ही अंगांनी लिंपायचं. म्हातारा खाटेवर पडून तुडवण्याचा आवाज ऐकायचा. "अजून नाई झालं, बाई. माती अजून बोलून राह्यली. गप झाली म्हंजे सांग."

पंधरा वर्षांत सिंदेझरीतलं एकेक घर तिच्या तळहाताखालून गेलं. मग घरकुलं आली, आणि तिला बोलावणं बंद झालं.

घरकुलांवर पत्रे चढले, आणि पुढच्या वैशाखात गावाला कळलं की दुपारी त्या घरात माणूसच काय, मांजरही थांबत नाही. बारा वाजले की गल्लीतल्या खाटा एकेक करत चंदाबाईच्या सोप्यात यायच्या. ती पाण्याचा हंडा पुढं ठेवायची, पण बोलल्याशिवाय राहायची नाही. "या, या. पक्क्या घरवाले आले कच्च्या घरात." कोणी रागावत नसे. पाठीला गार भिंत लागल्यावर रागवायचं कुणाला?

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत चंद्रपूरहून साधना नावाची मुलगी आली. घरांचे नकाशे काढायचं शिकलेली, एका संस्थेत काम करणारी. तिनं तासभर चंदाबाईच्या भिंतीवर हात फिरवले, वळचण मोजली, आणि म्हणाली, "बाई, एप्रिलमध्ये वीज केंद्राच्या कॉलनीत, ऊर्जानगरच्या मैदानावर आम्ही हरित घरांचा मेळावा घेतोय. तीन दिवसांचा. तुम्ही तिथं घर बांधाल?"

"हरित म्हंजे?"

"कमी सिमेंट, कमी वीज. निसर्गाला जपणारं."

"म्हंजे हेच," चंदाबाई म्हणाली. "याले नाव पडलं म्हना की आता."

मेळाव्याच्या आठ दिवस आधी ती सून आचल आणि शेजारची कमळा यांना घेऊन टेम्पोत बसली. टेम्पोत बांबू, कवेलू, आणि ड्रममध्ये कुजत घातलेली माती. जोत्यासाठी संस्थेनं चंद्रपूरच्या खुर्शीद मिस्त्रीला बोलावलं होतं. त्याच्या घराण्यात चुन्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. तो मात्र पोट भरायला सिमेंट लावायचा. दगड-चुन्याचं गुडघाभर उंच जोतं त्यानं दोन दिवसांत घातलं. "बाई, कितने साल के बाद चुना हात में आया," असं म्हणत तो जोत्यावरून पुन्हा पुन्हा थापी फिरवत राहिला.

घर उभं राहिलं. एक खोली, पुढं सोपा. मैदानावर सौरचुली होत्या, गोबरगॅसचं मॉडेल होतं, गांडूळखत होतं, बिनधुराची चूल होती. उद्घाटनाच्या सकाळी मेळावा समितीचे अध्यक्ष वामनराव, निवृत्त मुख्याध्यापक, एक रंगवलेली पाटी घेऊन आले आणि ती सोप्याच्या खांबाला ठोकून गेले.

"काय लिवलं वं?" चंदाबाईनं विचारलं.

आचलनं वाचलं, "जुन्या काळातील झोपडी."

थोड्या वेळानं वामनराव परत आले. हातात पितळी पाटल्या आणि नाकातली मोठी नथ. "बाई, हे घाला. चुलीपुढं बसून भाकरी थापत राहा. पाहुण्यांना जरा वातावरण वाटलं पाहिजे."

"भाऊ," ती म्हणाली, "मी इथी घर बांधाले आली. भाकरी घरी थापते. अन् हे जुन्या काळातलं काऊन लिवलं? हे मागच्या हप्त्यातलं हाय."

"अहो, पाटी रंगवून झाली आता."

"रंगवली तर रंगवली." तिनं ड्रममधून ओंजळभर माती घेतली आणि सगळ्यांसमोर पाटीवर लिंपून टाकली. दोन हात फिरवले, कोपरे गुळगुळीत केले. झोपडी गेली, जुना काळ गेला. वामनराव लाल झाले. साधना मधे पडायला धावली, पण तोवर बायका हसायला लागल्या होत्या आणि पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली होती.

दुपारी वीज मंडळाच्या बसांमधून कॉलनीतली कुटुंबं आली. ऊन असं की चपलेतून चटका बसावा. जो त्या खोलीत शिरला तो बाहेर निघेना. खुर्शीद तर आतल्या जमिनीवर गाढ झोपलेला. लोक त्याला ओलांडून भिंतीला टेकायचे. गर्दीतून एक चष्मेवाले गृहस्थ पुढं झाले. "थंड आहे हे कबूल. पण मावशी, एका पावसात वाहून जाईल त्याचं काय?"

"पानी आना," चंदाबाई म्हणाली.

"काय?"

"धूळ दाबाले टँकर आला ना? त्याचा पाइप फिरवा भिंतीवर."

साधनानं तिला बाजूला घेतलं. "बाई, लेप अजून पुरता वाळला नाही. नका."

"पाऊस मले विचारून येते का?"

टँकरवाल्यानं पाइप सोडला. समोरून, मोठ्या धारेनं, दहा मिनिटं. वळचणीखालची भिंत तशीच राहिली. पण कोपऱ्याला धार सरळ लागली, आणि तिथला हातभर लेप भसकन खाली आला; आतला विणलेला बांबू उघडा पडला. गर्दीत कुणीतरी शीळ घातली. वामनरावांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. कमळेनं पदर तोंडाला लावला.

एक क्षण चंदाबाईला सासऱ्याची खाट दिसली. मग तिनं लुगडं खोचलं, ड्रममध्ये हात घातला आणि गर्दीकडं पाठ करून लिंपायला लागली. खालून वर, तळहात उपडा करून. कुणाला पान लावायला जेवढा वेळ लागावा तेवढ्यात भोक बुजलं. मग ती वळली. कोपरापर्यंत माती, कपाळावर माती.

"पाह्यलं? पडलं. मी नाई म्हनत नाई, पडते. मातीच्या भिंतीले दोन दुश्मन, खालचं पानी अन् आडवं पानी. म्हनून जोतं उच्चं ठेवाव, वळचन लांब ठेवाव. तरी पडलं तर घरची बाई भरते. तिले मिस्त्री लागत नाई, दुकान लागत नाई, कोनाची सही लागत नाई. तुमच्या पक्क्या भिंतीले भेग गेली तं तुम्ही काय करता? सांगा ना."

खुर्शीद गलक्यानं जागा होऊन दारात आला होता. तो म्हणाला, "कॅलेंडर लटकाते हैं, बाई. मेरे को मालूम है." त्यावर मैदान असं हसलं की पाहुण्यांचं भाषण थांबलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली ओळ होती, 'आदिवासी महिलेने साकारली झोपडी.' आचलनं वाचून दाखवल्यावर चंदाबाई म्हणाली, "ना मी आदिवासी, ना ते झोपडी. फोटो तेवढा माहा हाय." तिसऱ्या दिवशी मेळावा उठला, आणि मैदान मोकळं करायचं म्हणून घरही पाडलं. ते पाहायला ती थांबली नाही. कवेलू मात्र मोजून टेम्पोत भरून आणले.

गावी आल्यावर तिनं लटारूला सांगितलं, "मेळावा आपन इथीच घेऊ. पाडाचं नाई असं घर बांधू."

पुढच्या वर्षी चैत्रात सिंदेझरीत पहिला मेळावा भरला. मंडप नाही, खुर्ची नाही, पाटी तर नाहीच. नियम एक: येईल त्यानं चप्पल काढून आधी मातीत उतरायचं. पहिलं घर कमळेचं झालं, तिच्याच घरकुलाच्या मागं. कमळेनं पत्र्याच्या खोलीत धानाची पोती आणि बकऱ्या ठेवल्या आणि आपण मातीच्या खोलीत राहायला गेली. खुर्शीद चुना घेऊन आला, दर वर्षी येत राहिला. साधना आली ती कॉलेजची पोरंपोरी घेऊन. शहरातल्या पोरी मातीत पाय घालताना किंचाळायच्या, तेव्हा चंदाबाई काठावरून ओरडायची, "घाबरू नका वं, चावत नाई ते!"

गावसभेनं ठराव केला की ज्याला मातीचं घर हवं त्याला घरकुलातून ते मिळावं. ठराव वर गेला. उत्तर आलं, नियमात बसत नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा ठराव, पुन्हा तेच उत्तर. गावातले काही म्हणू लागले, "चंदाबाई, तू भिंतीले डोकं आपटून राह्यली." ती म्हणाली, "भिंतीचं मले सांगता?"

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात चौथ्यांदा नकार आला. त्यात लिहिलं होतं की मातीचे बांधकाम कच्च्या स्वरूपाचे असल्याने विचार करता येत नाही. त्या दिवशी मेळावा भरलेला होता. तीन गावांतून पन्नासेक माणसं माती तुडवत होती. आचलनं बांधावर उभं राहून पत्र मोठ्यानं वाचलं. सगळे थांबले.

चंदाबाई खड्ड्यात पोटरीभर मातीत उभी होती. "कागद-पेन घे," ती सुनेला म्हणाली. "लिव. साहेबाले नमस्कार. आमचं घर कच्चं हाय असं तुम्ही चार वेळा लिवलं. पाहाले एकदाही नाई आले. वैशाखात या. दुपारच्याले या. जेवून या, कारन इथी आल्यावर झोप लागते. घर पसंत नाई पडलं तं पाचव्यांदा लिवा. आम्ही सहाव्यांदा पाठवू. कागद तुमच्याकडं बहुत हाय, माती आमच्याकडं."

आचल लिहीत होती, लोक हसत होते, लटारू तलावावरून जाळं खांद्यावर घेऊन आला होता आणि काय चाललंय ते ऐकत उभा होता. त्यानं जाळं बांधावर ठेवलं, धोतर वर खोचलं आणि कधी नव्हे तो मातीत उतरला.

साहेब आले नाहीत. पत्राला उत्तरही आलं नाही. चंदाबाईचं नाव यादीत परत कधी चढलं नाही. त्या वर्षीपर्यंत सिंदेझरीत मातीची सात घरं उभी राहिली होती, आणि पलीकडच्या गावातल्या बायका बांबू कधी बुडवायचा ते विचारायला यायला लागल्या होत्या.