अभिनंदनाचा फळा

"पक्कं हाय ना, सर?" फळ्यावर खडू टेकवण्याआधी मामा हे विचारायचेच. मामा म्हणजे आमच्या अहमदपूरच्या शाळेचे शिपाई. दारातला फळा त्यांच्याकडे होता, कारण त्यांच्यासारखं अक्षर एकाही शिक्षकाचं नव्हतं. माझं तर विचारूच नका. मजकूर मात्र मी सांगायचो. मी विज्ञानाचा शिक्षक आणि गावातला स्वयंघोषित अवकाशतज्ज्ञ. दुर्बिणीतून मी आजवर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी तेवढी नीट पाहिली आहे.

यानांचं खरं वेड मामांना होतं. आपलं यान मंगळाजवळ पोचलं तेव्हा त्यांनी खडूची भुकटी अंगठ्याने पसरवून असा लालबुंद मंगळ काढला, की पोरं त्याला बोट लावून बघत होती.

मग चांद्रयानाची दुसरी खेप आली. उतरायची वेळ मध्यरात्रीनंतरची, आणि दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा. पोरांनी येता येताच वाचावं म्हणून मी आदल्या दुपारीच मजकूर सांगितला : 'आपलं यान चंद्रावर उतरलं. अभिनंदन!'

"उतरू तर द्या की आधी," मामा म्हणाले.

मी हसलो. गणित चोख असल्यावर उतरायचं काय राहतं, असं काहीतरी बोललो. गणित दुसऱ्यांचं, रुबाब माझा. त्यांनी मुकाट्याने लिहिलं, शेजारी चंद्रही काढला.

सकाळी मी उशिरा उठलो. यानाशी संपर्क तुटल्याचं तोवर सगळ्या देशाला कळलं होतं आणि आमच्या फळ्याचा फोटो सगळ्या गावाच्या फोनवर पोचला होता. शाळेत गेलो तर संस्थेचे अध्यक्ष फळ्यापुढे उभे. हे कुणाचं डोकं, असं त्यांनी विचारलं.

"माझ्याच मनानं लिवलं, साहेब," मामा म्हणाले.

मी तिथेच होतो. बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो होतो. पायात चप्पल होती.

मामांकडून लेखी खुलासा घेतला गेला. तीस वर्षांच्या नोकरीतला पहिलाच. निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि आपल्या नावावर एकही ठपका नाही, हे ते ज्याला त्याला सांगत असत. त्यानंतर सांगेनासे झाले. मुख्याध्यापकांना उद्या खरं सांगू, असं मी रोज ठरवायचो. मामांच्या निरोप समारंभात मी भाषणही केलं. विषय प्रामाणिकपणा.

तिसऱ्या खेपेला यान संध्याकाळी उतरलं. सभागृहात पोरं बाकांवर चढून नाचली. मामा आदल्या हिवाळ्यातच वारले होते. मला तिथे बसवेना. मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो आणि चार वर्षं गिळलेलं सगळं सांगून टाकलं.

ते दचकले नाहीत. म्हणाले, "मला तेव्हाच ठाऊक होतं. मी मामांना म्हटलं, खरं सांगा, हा कागद फाडून टाकतो. तर म्हणाले, 'ऱ्हाऊ द्या. सरांना रोज पोरांपुढं उभं ऱ्हायचं हाय.'"

बाहेर पोरं 'सर, सर' म्हणून मला शोधत होती. त्यांच्यापुढे जायला मला त्या संध्याकाळी फार वेळ लागला.