हसनाबादच्या बंपरवरचे ठिपके

मोबाइलवरचा फोटो बोटांनी मोठा केला तेव्हा ठिपके नीट दिसले. मोहरीएवढे, तपकिरी. बंपरच्या खालच्या कडेला ओळीनं बसलेले. हा बंपर सहा महिन्यांपूर्वी आमच्याच प्लांटमधून प्लेटिंग होऊन गेला होता आणि डिलिव्हरी चलनावर सही माझी होती.

"मॅडम, तुम्ही म्हणाल्या होत्या दहा वर्षं बघायला नको," फोनवर देशमुख साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "एक पावसाळा न्हाई निघाला."

"साहेब, गरज पडली तर पुन्हा प्लेटिंग करून देऊ."

"पुन्हा करायला त्याच्यात पत्रा कुठं राह्यला?"

साहेब बरोबर बोलत होते.

मी जालन्याच्या एमआयडीसीत एका इलेक्ट्रोप्लेटिंग युनिटमध्ये केमिस्ट आहे. आमचं रोजचं काम म्हणजे नट-बोल्ट, बिजागऱ्या, फवारणी पंपाचे दांडे. देशमुख साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. हसनाबादला त्यांची शेती आहे. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार घेतली. दोनच सीटची, टप नसलेली. चार वर्षं स्वतः खपून ती चालती केली. मग तिचं डोळ्यांना दिसणारं सगळं चमकतं सामान आमच्याकडे आलं: दोन बंपर, दिव्यांच्या रिंगा, समोरच्या काचेची चौकट, जाळी.

आमच्या शेठजींची बिलकुल इच्छा नव्हती. "शंभर नट बिघडले तर शंभर नवे आणता येतात. याचा एकच नग हाय," ते म्हणाले होते. मीच हट्ट धरला. असं काम जालन्यात होतं हे दाखवायचं होतं मला.

लोकांना वाटतं क्रोममुळे लोखंड गंजत नाही. तसं नसतं. पोलादावर आधी तांब्याचा थर बसतो, मग निकेलचे दोन, आणि सगळ्यात वर क्रोम. ते क्रोम केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकंही नसतं. त्याचं काम चमक टिकवायचं. गंजापासून खरी राखण निकेल करतं. निकेलला बारीकसं छिद्र पडलं की पाणी थेट पोलादापर्यंत जातं आणि वर तपकिरी ठिपका दिसतो. पुन्हा प्लेटिंग करायचं तर आधीचं सगळं उतरवून धातू घासावा लागतो. दर वेळी पत्रा झिजतो. हा बंपर आमच्याकडे आला तेव्हाच कोपऱ्यांवर पातळ झाला होता. आणखी एकदा घासला असता तर आरपार भोक पडलं असतं.

शेठजींना फोटो दाखवला.

"साहेबांच्या शेडात खत असंल," ते म्हणाले. "लिहून टाका, स्टोरेज बराबर न्हाई. विषय बंद."

"पाहून येते. मग लिहिते."

"पहा. पण काय दिसणार ते मला आत्ताच माहीत हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हसनाबादला गेले. पिशवीत थर मोजायचा गेज, डिस्टिल्ड वॉटर, कापूस आणि सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली होती. या बाटलीतल्या पाण्याची गंमत अशी की जिथं मीठ असेल तिथं त्याचा थेंब दुधासारखा पांढरा होतो. आमच्या धंद्यात गंजाच्या मागे बहुतेक वेळा मीठच निघतं.

साहेबांनी शेडचं दार सरकवलं. गाडीवर स्वच्छ सुती चादर होती. खाली फरशी कोरडी. आणि डाव्या भिंतीला पोटॅश खताची पोती रचलेली. खोटं कशाला सांगू, पोती पाहून मला बरं वाटलं. पोटॅश खत मिठाचंच भावंड. दमट हवेत त्याची भुकटी उडून क्रोमवर बसली असणार. शेठजींचं वाक्य खरं ठरत होतं आणि माझी सही सुटत होती.

आधी गेज लावला. निकेलचे आकडे आमच्या रेकॉर्डशी जुळले. मग बंपरच्या कडेवरून ओला कापूस फिरवला, काचेच्या तुकड्यावर पिळला, वर थेंब टाकला. लगेच दुधाळ झाला.

"साहेब, खताची पोती," मी म्हणाले. "ती इथून हलवायला पाहिजेत."

साहेबांनी पोत्यांकडे पाहिलं, बंपरकडे पाहिलं. "हलवतो. पण मॅडम, मी इंजिनियर माणूस, म्हणून विचारतो. खत डाव्या बाजूला आहे. मंग ठिपके दोन्ही बाजूंना सारखे कसे?"

मला हा प्रश्न स्वतःलाच पडायला हवा होता. पोती दिसल्यावर मी विचार करायचं थांबवलं होतं.

नवा कापूस घेतला. या वेळी बंपरच्या मागच्या बाजूला, जिथं सहजी हात पोचत नाही तिथं, खाली वाकून फिरवला. थेंब टाकला. पाणी स्वच्छ. गाडीच्या पोत्यांकडच्या दाराच्या बिजागरीवरून फिरवला. तेही स्वच्छ. उजव्या दिव्याच्या रिंगेवरून फिरवला. दूध.

हवेतून मीठ आलं असतं तर मागेही बसलं असतं. इथं फक्त चमकत्या, समोरच्या भागावर होतं. म्हणजे ते हातानं लागलं होतं.

"साहेब, गाडी पुसतं कोण?"

"मामा. दुसऱ्या कुणाला हातही लावू देत न्हाईत."

रुख्माजीमामा ऐंशीला टेकलेले. साहेबांच्या वडिलांच्या वेळेपासून या घरी असलेले. साहेबांना त्यांनी खांद्यावर खेळवलं होतं. हाक मारल्यावर धोतराला हात पुसत आले. मी विचारलं, तसे खुशीनं सांगायला लागले.

"सोमवारी अन् शुक्रवारी घासतो, ताई. चुकवत न्हाई."

"कशानं घासता?"

"चिंचेचा कोळ, मीठ, अन् वरून चिमूटभर राख. मारुतीच्या देवळातली समई अन् घंटी चाळीस वरसं मीच घासून राह्यलो. जाऊन बघा एकदा, सोन्यावानी हाय."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो मामा! ते पितळ न्हाई! चिंच-मीठ काय लावता त्याला?"

मामांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खालच्या कडेवरच्या ठिपक्यांकडे. ते ठिपके त्यांनी दर वेळी पाहिले असणार. त्यांच्यासाठीच तर ते जास्त जोर लावून घासत असणार.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "म्हंजी गाडी मीच खराब केली?"

साहेब दुसरीकडे बघत राहिले. मामा तिथंच उंबऱ्यावर बसले. मला त्यांच्या हातांकडे बघवेना.

मग मला आठवलं. "साहेब, डिलिव्हरीच्या वेळी मी एक कार्ड दिलं होतं. कुठंय?"

ते गाडीच्या समोरच्या कप्प्यात निघालं. प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. कार्ड मीच टाइप केलं होतं. आंबट, खारट, खरखरीत काहीही लावू नये, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. फक्त सगळं इंग्रजीत होतं.

"मी वाचलंच न्हाई," साहेब म्हणाले.

"वाचलं असतं तरी पुसणार मामाच होते," मी म्हणाले. "मी तुमची सही घेतली आणि मोकळी झाले. सांगायचं मामांना होतं. चूक माझ्याकडून सुरू झालीय."

साहेबांनी मग मामांजवळ जाऊन त्यांना हात दिला. "उठा मामा. काय करायचं ते ताई सांगतील."

काम असं होतं. आधी मीठ काढायचं. जोपर्यंत ते सांध्यात आहे, तोपर्यंत गंज आत चालू राहणार. आम्ही बंपर खोलून काढला आणि चादरीवर ठेवला. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन साहेबांनी बॅटरीच्या दुकानातून मागवले. मऊ ब्रशनं धुवायचं, शेवटच्या पाण्याचा थेंब तपासायचा, पुन्हा धुवायचं. पहिले चार थेंब दुधाळ आले. पाचवा जरा फिका.

थेंब टाकायचं काम मामांनी मागून घेतलं. त्या औषधानं बोटं काळी होतात, आठ दिवस डाग जात नाही, असं मी सांगितलं. त्यांना फिकीर नव्हती. धुता धुता त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या, ताई?"

"जाफराबादच्या. वडील शाळेत मास्तर होते."

"तरीच," मामा म्हणाले. "समजावून सांगता."

ज्या माणसाला मी काहीच समजावून सांगितलं नव्हतं, त्याच्याकडून हे ऐकणं जड गेलं.

आठव्या धुण्याला थेंब टाकून मामा बराच वेळ बघत बसले. "आता पाणीच राह्यलं," म्हणाले.

मग ब्लोअरनं सांधे सुकवले. ठिपक्यांवरचा गंज ओल्या अॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्यानं हलक्या हातानं उतरवला. समोरून मेणाचा पातळ हात दिला, मागून मेणतेल मारलं. दिव्याच्या रिंगा आणि चौकट दुपारनंतर केली. बहुतेक ठिपके गेले. तीन राहिले. ते पोलादापर्यंत पोचले होते.

"हे तीन जाणार न्हाईत," मी साहेबांना सांगितलं. "पण मीठ लागलं नाही तर वाढणारही न्हाईत."

"राहू द्या. खाली वाकल्याशिवाय दिसत न्हाईत," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेठजींना रिपोर्ट दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: देखभालीची सूचना योग्य माणसाला, त्याच्या भाषेत दिली नाही.

"यात आपली गलती दिसून राह्यली," शेठजी म्हणाले.

"आहेच."

"खताचं कुठं लिवलंच न्हाई तुम्ही."

"खतानं काही केलं न्हाई, शेठजी."

त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग सही केली. पुढच्या आठवड्यात कार्डं मराठीत छापून आली.

या गोष्टीला दोन पावसाळे होऊन गेले. मध्ये एकदा साहेब गाडी घेऊन आमच्या गेटवर आले, शेजारच्या सीटवर मामा. मी बंपरखाली वाकून पाहिलं. ठिपके तीनच होते.

आता कुठलंही असं सामान डिलिव्हर करताना मी सही घेण्याआधी एकच प्रश्न विचारते: हे पुसणार कोण? उत्तर आलं की म्हणते, त्यांना बोलवा. मालक कधीकधी वैतागतात. पण गंजाशी रोजची गाठ मालकाची पडत नाही, फडकं ज्याच्या हातात असतं त्याची पडते.