कौसाबाईनं साखर बंद केली

आमची मंडळी, कौसाबाई, कोणाच्याही घरी गेली की आधण ठेवायच्या आत चुलीपाशी जाऊन सांगायची, "बिनसाखरेचा करणार असशील तरच आमाला बसव." लोकांना राग यायचा. पाहुण्याला बिनसाखरेचा चहा देणं आपल्याकडे कमीपणाचं. तिला त्याचं काही नव्हतं.

हे सुरू झालं माझ्या पायापासून. मला शुगर. ऊस तोडलेल्या रानात बुडखा लागला, जखम भरेना, शेवटी अंगठा काढावा लागला. असंच गोड खात राहिलात तर पुढं पाय जाईल, असं डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी तिनं डब्यातली साखर शेजारी देऊन टाकली. आम्ही शुगर फॅक्टरीचे सभासद. दिवाळीला सभासदांची साखर मिळते, ती मी घेऊन आलो तर मला उंबऱ्यातच अडवलं.

"ऊस फॅक्टरीला घाला, फॅक्टरी घरात आनू नका."

"गूळ तरी?"

"त्यो साखरेचा थोरला भाऊ. त्यालाबी भायेरच बसवा."

तिला स्वतःला शुगर नव्हती, तरी तिनंही सोडलं. "तुमाला कडू पाजून मी गोड प्यायची व्हय?" एवढंच म्हणाली.

एकदा तिसगावच्या बाजारात मी चोरून जिलबी खाल्ली. तिला कळलं. पुढच्या बाजारी सोबत आली आणि जिलबीवाल्याला चारचौघांत म्हणाली, "भाऊ, ह्यांना परत जिलबी दिलीस, तर ह्यांचा पाय धुवायला रोज तू यायचं." लोक हसले. मी मान खाली घातली. पण बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांवर दहा वर्षं तिनं माझा पाय राखला.

यंदा कांद्याच्या रानात तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

तेराव्याला भावकीनं बुंदी केली. मेव्हणा द्रोण घेऊन माझ्यापुढं उभा राहिला.

"दाजी, गोड खाल्ल्याबिगर सुतक सुटत न्हाई. अन् साखर सोडून आक्काला तरी काय मिळालं?"

"मला पाय मिळाला. बुंदी उचल."

"लोक काय म्हनतील?"

म्हणू देत. मी भाकरी मागून घेतली आणि पंगतीत सगळ्यांसमोर खाल्ली. सुतक सुटलं नसेल तर राहू दे माझ्यावर. मला त्याची घाई नाही.