कोलमचा शेवटचा फटका

कोलम मूळचा आयर्लंडचा आणि राहायला ओहायोतल्या डब्लिनमध्ये. त्यामुळे तो डब्लिनहून डब्लिनला आला, असं सगळी वस्ती धरून चाले. खऱ्या डब्लिनला तो एकदाच गेला होता, विमान पकडायला. त्याचं गाव क्लेअर परगण्यातलं. तिथे तो हर्लिंग खेळायचा, म्हणजे पसरट लाकडी काठीने चेंडू हवेतल्या हवेत टोलवायचा. गावच्या संघात सहा वर्षं काढली, त्यातली पाच बाकावर बसून. इथे येऊन तो इलेक्ट्रिशियन झाला आणि बावीस वर्षं दर रविवारी हर्लिंग क्लबकडून खेळला. इथे बाकावर बसावं लागलं नाही, कारण बसवायला जादा माणसंच नव्हती.

शेजारच्या उल्हासराव दामल्यांनी त्याची घरात ओळख करून दिली, तेव्हा त्यांच्या पत्नी शोभनाताईंना तांदूळच आठवला.

"कोलम? आडनाव काय हो, वाडा?"

उल्हासराव पुण्यात ऑफिसच्या क्रिकेटला अंपायर असत. पांढरा कोट अजून कपाटात होता. हर्लिंगलाही गोलपोस्टशी पांढऱ्या कोटातला अंपायर लागतो, असं कोलमच्या बोलण्यात आलं आणि पुढचं ठरूनच गेलं. क्लबला कोट मिळाला, आत माणूस होता ही जादाची सोय.

पहिल्याच दिवशी फळ्यावर १-१४ असा आकडा दिसला.

"एक बाद चौदा?" उल्हासरावांनी विचारलं.

"एक गोल, चौदा पॉइंट. गोलचे तीन. एकूण सतरा."

"मग सतराच लिहा ना!"

"मग गोल किती झाले ते कसं कळणार?"

उल्हासराव मनातल्या मनात बेरीज करायला लागले. दोन वर्षं झाली, अजून करतात.

यंदाच्या सप्टेंबरात क्लब अंतिम सामन्यात पोचला. कोलमचा गुडघा कामातून गेला होता. डॉक्टरांनी हंगाम संपला की काठी ठेवायला सांगितलं होतं. शेवटच्या मिनिटाला त्याचा संघ एका पॉइंटने मागे, आणि फ्री हिट कोलमची. पॉइंट झाला तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर पुढच्या रविवारी पुन्हा सामना. म्हणजे कोलमचं खेळणं एका आठवड्याने लांबणार होतं. त्याला तेवढंच हवं होतं.

त्याने टोला हाणला. चेंडू खांबाच्या उंचीच्याही वर गेला. दोन खांबांच्या आतून गेला की बाहेरून? दुसरा अंपायर आलाच नव्हता. उल्हासरावांनी मान वर केली, तर समोर सूर्य. आत असेल तर पॉइंट, म्हणजे पांढरं निशाण. बाहेर असेल तर दोन्ही हात डोक्यावर उंच करून फुली मारायची. क्षणभर त्यांना पुणं, ओहायो, आत, बाहेर काही कळेना. मग त्यांनी दोन्ही हात वर केले.

"सिक्स्स!" शोभनाताई खुर्चीवरून उठल्या. सोबत आलेली मराठी मंडळाची मंडळी नाचायला लागली. त्या गदारोळात उल्हासरावांनी फुली मारली आणि सामना संपला.

कोलम लंगडत आला. "बाहेर होता? नक्की?"

"दिसलाच नाही रे."

"मग बाहेर का दिलास?"

"तू मित्र आहेस म्हणून. आत दिला असता तर लोक काय म्हणाले असते?"

कोलमने मंडळाच्या मंडळींकडे काठी रोखली.

"आणि ते का नाचतायत?"

"त्यांच्या हिशेबाने तू सहा मारलेस."

"सहा पॉइंट? म्हणजे आम्ही पाचने जिंकलो?"

"तिकडे. इकडे हरलात."

कोलमने इकडे पाहिलं. दुसरा संघ चषकासोबत फोटो काढत होता. मग तो सरळ तिकडे निघाला.

"काय लांब मारलात हो!" शोभनाताई मराठीतच म्हणाल्या आणि त्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

एरवी कोलम भेटेल त्याला हर्लिंगचे नियम समजावून सांगायचा. त्या दिवशी त्याने फक्त "थँक यू" म्हटलं, आणि फटका किती लांब गेला हे विचारणाऱ्याला आकडा दर वेळी थोडा वाढवून सांगितला.