मिठावरची पावलं

गाडीच्या कप्प्यात मिठाची जुनी पुडी सापडली, दमट हवेने ओलसर झालेली, आणि ती संध्याकाळ आठवली. अर्नाळ्याचा समुद्र, सुरतेची गर्दी मागे टाकत मित्र आणि मी कच्छच्या रणात पोचलो होतो. पांढरी जमीन कुठे संपते, आभाळ कुठे सुरू होतं, कळेना. लोक बुटांसकट धावत होते. जूचंद्रच्या मिठागरात वाढलेल्या मित्राने मात्र चपला काढून हातात घेतल्या. "मिठावर चपला घालून नाय चालायचं," तो म्हणाला. मीही बूट काढले. खडे टोचत होते, तरी अंधारेपर्यंत आम्ही तरंगल्यासारखे चालत राहिलो. पुढे त्याच्या घरचं मिठागर बुजवून इमारती झाल्या. त्यातल्या एकीत मी फ्लॅट घेतला. परवा तो पहिल्यांदा घरी आला, तेव्हा चपला त्याने खाली फाटकापाशीच काढल्या.