मामीच्या मांडीत

माझी दुसरी मुलगी झाली तेव्हा पहिली सोळा महिन्यांची होती. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, असा आमच्याकडचा रिवाज. सासूबाई हयात नव्हत्या, त्यामुळे सासर म्हणजे कोलशेतचा आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि सकाळी आठला वागळे इस्टेटला कामावर निघून जाणारा नवरा. दोघी मला झेपणार नाहीत म्हणून मोठीला डोंबिवलीला माझ्या माहेरी ठेवलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणजे मोठीला सांभाळणार माझ्या धाकट्या भावाची बायको. चार दिवस म्हणता म्हणता तीन आठवडे झाले.

भावजय रोज दुपारी व्हिडिओ कॉल लावायची. मोठी तिच्या मांडीत बसून वरणभात खात असायची. माझ्याकडे दोन घासांत तोंड फिरवणारी ही बया तिथे वाटी चाटूनपुसून संपवायची. "ताई, बघा ना, आज स्वतःहून चमचा धरला," भावजय कौतुकाने सांगायची. मी "अरे वा" म्हणायचे आणि आतल्या आत जळफळायचे. एकदा तर मोठीने फोनकडे बघितलंच नाही, "मामी" म्हणून तिच्या गळ्यात पडली. नेटवर्क गेलं असं सांगून मी फोन कापला.

मत्सरच तो, त्याला दुसरा शब्द नाही. भावजयीची झोप पुरी होते, केस विंचरलेले असतात, हे तर मला खुपायचंच. पण मुलीला उचलताना तिला भीती वाटत नाही, हे सगळ्यात जास्त खुपायचं.

मला वाटायची. पुढे डॉक्टरांनी त्या भीतीला नाव दिलं, औषधं दिली. तेव्हा मला एवढंच कळत होतं की धाकटी माझ्या हातून पडणार आहे. गॅलरीचं दार मी ओढणीने बांधून ठेवलेलं. ती झोपली की सारखं नाकाखाली बोट धरून बघायचे. मालीशवाल्या मावशी तिला पायांवर घेऊन आंघोळ घालायच्या तेव्हा मी बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहायचे. मग मावशी भाचीच्या लग्नाला गेल्या, आणि पाच दिवस मी धाकटीला नुसतं ओल्या फडक्याने पुसलं. नवऱ्याला सांगायचे, घातली आंघोळ.

पाचव्या दिवशी दुपारी भावजय मोठीला भेटवायला घेऊन आली. मी हात पुढे केले, तर मोठीने तिच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"बाळाची आंघोळ झाली?" भावजयीने विचारलं.

"केव्हाच."

तिने धाकटीला घेतलं. मानेच्या वळीत दुधाचा आंबूस थर साचलेला. तो तिने बघितला, मी बघितला. तिने पाणी तापवलं, न्हाणीघरात पाटावर पाय पसरून बसली आणि धाकटीला पायांवर पालथं घेतलं. माझ्या हातात भोकाड पसरणारी पोर तिथे गप्प पडून राहिली. मोठी मागून मामीच्या गळ्यात हात टाकून उभी. दोघीही तिच्याच.

"ऊठ," मी म्हणाले. "माझी मुलगी आहे ती."

ती उठली. मी पाय पसरून बसले, धाकटीला घेतलं. आता एक हात सोडून तांब्या उचलायचा होता. हात सुटेचना.

"मी पाडेन गं हिला," मी म्हणाले. "रोज वाटतं. पाच दिवस आंघोळ नाही घातलेली मी."

चांगल्या ड्रेसची पर्वा न करता ती ओल्या फरशीवर बसली. "तुम्ही दोन्ही हातांनी धरा. पाणी मी ओतते."

प्रत्येक तांब्या आधी स्वतःच्या मनगटावर बघून ती ओतत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, एक सांगू? फोन ठेवला ना, की ही मोठी दाराशी जाऊन बसते. आई आई करून रडते, अर्धा अर्धा तास. तुम्हाला आधीच टेन्शन, म्हणून मी बोलले नाही. जेवताना शांत असते, म्हणून तेव्हाच फोन लावायचे."

माझी एवढीशी पोर तीन आठवडे दाराशी बसून रडत होती, आणि ते ऐकून मला आनंद झाला. इतका, की लाज वाटायलाही वेळ लागला.

"रोज?" मी विचारलं.

"रोज."

मी तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.